फटफटीचा जामीन

दिवाळीच्या अंकात या सदराने जरा गोडाधोडाचे लिहावे, अशी संपादकांची दरवर्षी प्रेमळ सूचना असते. यंदा मी ती पाळली की मोडली, हे वाचकांनीच ठरवावे. विषय घरातलाच आहे, पैशाचा आहे आणि त्यात एक फटफटी आहे. ज्यांच्या घरात हाताशी आलेला मुलगा आणि दारात मोटारसायकल असेल, त्यांनी फराळाची बशी बाजूला ठेवून पुढचे वाचावे, अशी विनंती.

गोष्ट २०१८ सालच्या भाऊबीजेची. दरवर्षीप्रमाणे आम्ही उभयता पुण्याला अक्काकडे गेलो होतो. अक्का माझी थोरली बहीण. तिचे यजमान, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. ओवाळणे झाले, पाने वाढली, आणि पहिला भात कालवता कालवता भाच्याने सांगितले, "मामा, मी पुढच्या वर्षी मोटारसायकलवरून लंडनला जातोय."

लंडनला जाण्याचे आता आमच्याकडे कोणाला नवल वाटत नाही. अक्काच्या सोसायटीतल्या निम्म्या घरांतली मुले त्या बाजूलाच आहेत. नवल होते ते मोटारसायकलचे. अण्णांनी ताटातून मानही वर केली नाही. अक्का म्हणाली, "जेव आधी." आमच्या हिने मात्र विचारले, "अरे, पण रस्ता आहे का तिकडे?"

रस्ता आहे आणि तो नवाही नाही. रॉबर्ट फुल्टन नावाचा एक अमेरिकन तरुण १९३२ साली लंडनहून डग्लस मोटारसायकलवर बसून निघाला तो आपल्या देशातून पुढे जाऊन जपानपर्यंत पोचला. १९५५-५६ साली ऑक्सफर्ड व केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी दोन लँडरोव्हर गाड्या लंडनहून थेट सिंगापूरला नेल्या. टेड सायमन १९७३ साली ट्रायम्फवरून जगप्रदक्षिणेला निघाला, तो चार वर्षांनी घरी परतला. आणि आपल्या मुंबईच्या सहा पारशी तरुणांनी तर १९२३ साली नुसत्या सायकलींवर प्रस्थान ठेवले होते. त्यांतले तिघे जग पालथे घालून १९२८ साली परत आले. ही सारी नावे भाच्याने मठ्ठा येईपर्यंत सांगून टाकली. वकिली शिकला असता तर बरे झाले असते, असे मला तेव्हा वाटले.

"खर्च किती?" अण्णांनी पहिल्यांदाच तोंड उघडले.

"पेट्रोल, राहणं, व्हिसा, जहाजाचं भाडं, हे सगळं माझं मी साठवलंय," भाचा म्हणाला. "एका वहीचे पैसे तेवढे कमी पडतात."

"वहीचे?" अक्का म्हणाली. "शंभर पानी का दोनशे पानी?"

त्या वहीचे खरे नाव फ्रेंच आहे: कार्ने द पसाज आं दुआन. जगभरचे दुचाकीस्वार तिला नुसते कार्ने म्हणतात. अक्काच्या घरात पुढची अडीच वर्षे ती ‘वही’च राहिली, आणि या लेखातही ती वहीच राहील. पाच, दहा किंवा पंचवीस पानांची असते. त्या पाच-पंचवीस पानांपायी आमच्या कुटुंबाने काय काय पाहिले, ते सांगण्यापूर्वी ती वही असते तरी कशासाठी, हे सांगायला हवे.

आपल्याकडे शहरांच्या वेशीवर जकातनाके होते, ते वाचकांना आठवत असतील. मुंबईचे तर २०१७ पर्यंत होते. शहरात माल आणला की जकात भरायची. पण मालमोटार शहरातून नुसती पार जाणार असली, तर तसा कागद करून घ्यायचा आणि पलीकडच्या नाक्यावर तो दाखवून सुटायचे. देशांच्या सरहद्दीवर हेच घडते, फक्त आकडे मोठे असतात. तुम्ही परक्या देशात मोटारसायकल घेऊन शिरलात म्हणजे त्या देशाच्या दृष्टीने तुम्ही एक वाहन आयात केलेत. तुम्ही शपथेवर सांगाल की, मी महिन्याने हिच्यासकट बाहेर पडणार आहे. पण जकातीचा अधिकारी कोणाच्या शपथेवर विश्वासत नसतो. पुष्कळ देशांत परदेशी वाहनावरची जकात गाडीच्या किमतीहूनही अधिक असते. गाडी तिथेच विकून विमानाने घरी जावे, हा मोह काही लहान नव्हे. तेव्हा एक तर जकातीएवढी रक्कम रोख ठेवा किंवा जामीन आणा, असे तो म्हणतो.

प्रत्येक सरहद्दीवर रोख रक्कम ठेवून ती पलीकडच्या टोकाला परत मिळवणे कसे शक्य व्हावे? म्हणून मोटारमालकांच्या संस्थांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच ही युक्ती काढली. तुमच्या देशातली संस्था तुम्हाला वही देते, आणि परदेशी सरकारला सांगते की या माणसाची गाडी बाहेर गेली नाही तर जकात आम्ही देववू. १९५४ साली संयुक्त राष्ट्रांच्या विद्यमाने न्यूयॉर्कला खासगी वाहनांच्या तात्पुरत्या आयातीविषयी करार झाला. वहीचे नियम त्यात आहेत. भारतही त्या करारात आहे, आणि परदेशी पाहुण्याला आपली गाडी भारतात आणायची तर त्यालाही ही वही लागतेच. आपल्याकडे हे काम वाहनसंस्था करतात. मुंबईला चर्चगेटची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही त्यांतली १९१९ सालापासूनची जुनी संस्था.

संस्था तुमच्यासाठी जामीन राहते खरी, पण संस्थेला कोण जामीन? तुम्हीच. इथे अक्काचा संबंध येतो.

भाच्याची गाडी परदेशी बनावटीची होती, तिची किंमत साडेसात लाख धरली गेली. हमी मागितली गेली ती किमतीच्या दुप्पट, म्हणजे पंधरा लाखांची. दुप्पट ऐकून अण्णा उठूनच गेले. मला वाटले, रागावले. पण ते चष्मा आणायला गेले होते. तसे पाहिले तर दुप्पट ही स्वस्ताईच म्हणायची. ब्रिटनमधल्या प्रवाशांना एके काळी भारत-पाकिस्तानसाठी गाडीच्या किमतीच्या चौपट, इराणसाठी पाचपट आणि इजिप्तसाठी तर आठपट रकमेची हमी द्यावी लागे. त्यातल्या त्यात सुख एवढेच की, चार देशांना जायचे असले तरी चारही आकड्यांची बेरीज होत नाही, त्यांतला सर्वांत मोठा आकडा तेवढा धरतात. जर्मनीतल्या मोटारसंस्थेने तर ही पटीची भानगडच ठेवली नाही. गाडीच्या किमतीप्रमाणे ठरावीक टप्पे केले आणि त्या टप्प्याची अनामत घेतली. त्यामुळे इतर देशांचे प्रवासीही तिच्याकडे जाऊ लागले.

आता, पंधरा लाखांची हमी म्हणजे पंधरा लाखांचा खर्च नव्हे. पुष्कळ मुले इथेच घाबरून बेत सोडतात, आणि पुष्कळ आईबाप इथेच गाफील राहतात. दोघांचेही चुकते. म्हणून अण्णांनी त्या रात्री जुन्या डायरीच्या मागच्या पानावर जो हिशेब केला, तो त्यांच्या परवानगीने इथे देतो.

समजा, पंधरा लाख रोख अनामत ठेवले व त्यांवर व्याज मिळाले नाही. शेकडा सात दराने वर्षाला एक लाख पाच हजारांचे व्याज बुडाले. दुसरी वाट बँकेच्या हमीपत्राची. बँक हमी देते, पण त्यासाठी तितक्याच रकमेची मुदत ठेव तारण मागते. ठेवीवर बोजा चढतो. व्याज चालू राहते, पण ठेव मोडता येत नाही. हमीबद्दल बँक वर्षाला कमिशन घेते. आमच्या बँकेने शेकडा दोन सांगितले. पंधरा लाखांवर तीस हजार, त्यावर जीएसटी शेकडा अठरा म्हणजे पाच हजार चारशे. एकूण पस्तीस हजार चारशे. तिसरी वाट विम्याची. ब्रिटनमध्ये ती बराच काळ चालू होती. हमीच्या एक दशांश हप्ता भरायचा, आणि वही नीट परत केली की त्यातला अर्धा परत मिळायचा. भाच्याला ही तिसरी वाट मिळाली नाही.

"म्हणजे पस्तीस हजार चारशे," भाचा आनंदाने म्हणाला.

"थांब," अण्णा म्हणाले. "हमी किती वर्षांची?"

इथे माणसाचा पाय घसरतो. वहीची मुदत असते एक वर्षाची. परंतु १९५४ च्या करारात असे आहे की, वहीची मुदत संपल्यावर आणखी एक वर्षापर्यंत परदेशी जकातखाते ‘गाडी बाहेर गेल्याची आमच्याकडे नोंद नाही’ अशी नोटीस देऊ शकते. त्या वर्षात नोटीस आली नाही तर जकात मागण्याचा हक्क गेला. आली, तर गाडी बाहेर गेल्याचा पुरावा देण्यासाठी संस्थेला पुन्हा एक वर्ष मिळते. साहजिकच हमीपत्र दोन वर्षांचे मागण्यात आले. फटफटी वर्षभर हिंडणार, पण जामीन दोन वर्षे कोठडीत. कमिशन सत्तर हजार आठशे. संस्थेचे शुल्क व सभासदत्व निराळे, पण या मानाने ते चणेफुटाणे.

आणि ठेव कोणाची? भाच्याजवळ पंधरा लाख नव्हते. अण्णांच्या निवृत्तीच्या रकमेतून केलेली एक ठेव होती, बरोबर त्याच आकड्याच्या आसपास. ती म्हातारपणाची, आजारपणाची, कोणापुढे हात पसरायला लागू नये म्हणून ठेवलेली. दोघांच्या नावावर असल्यामुळे दोघांच्याही सह्या लागणार होत्या.

मी विरुद्ध होतो, हे इथे लिहून ठेवतो. अक्काला बाजूला घेऊन मी म्हणालो, "अक्का, लंडनपर्यंत तो जाईल, येईल, पण वाटेत गाडी चोरीला गेली तर?" प्रश्न अगदी वेडा नव्हता. गाडीचा मोठा अपघात झाला आणि ती मोडली, तर करारात सोय आहे. तशी रीतसर नोंद करून गाडी त्या सरकारच्या हवाली करता येते किंवा अधिकाऱ्यांसमक्ष नष्ट करता येते, मग जकात लागत नाही. चोरीचे मात्र तसे नाही. चोराने नेलेली गाडी देशातच राहिली, असे जकातखाते म्हणू शकते. म्हणजे गाडीही गेली आणि तिची जकातही आपल्याच बोकांडी.

अक्काने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "अरे, तू इंजिनीअरिंगला मुंबईला निघालास तेव्हा आईने पाटल्या गहाण टाकल्या होत्या. तुला कोणी सांगितलं नव्हतं." हे मला खरोखरच कोणी सांगितले नव्हते. दुसऱ्या आठवड्यात दोघांनी सह्या केल्या.

वही आली ती जानेवारी २०१९ मध्ये. मी ती पाहिली आहे, म्हणून तिचे वर्णन करतो. प्रत्येक पानाचे तीन आडवे भाग असतात. देशात शिरताना जकातवाला सर्वांत खालचा तुकडा फाडून घेतो आणि वरच्या भागावर शिक्का मारतो. देशातून बाहेर पडताना मधला तुकडा फाडून घेतात आणि वरच्या भागावर दुसरा शिक्का मारतात. वरचा भाग वहीत राहतो. त्यावर दोन शिक्के, आत आल्याचा व बाहेर गेल्याचा, असले की त्या देशाचे देणेघेणे मिटले. एक देश, एक पान. पानावर गाडीची सारी कुंडली असते: सांगाड्याचा नंबर, इंजिनाचा नंबर, रंग, वजन, किंमत, जादा टायर किती आणि रेडिओ असल्यास कोणत्या बनावटीचा. फटफटीला रेडिओ कशाला, असे अक्काने विचारले. वही मोटारींसाठीही तीच असते, हे तिला पटले नाही.

प्रवासाविषयी मी फार लिहीत नाही. भाच्याने स्वतः तो सांगितला तर अधिक रंगेल. सरळ खुष्कीचा मार्ग पाकिस्तानातून जातो, पण भारतीय दुचाकीस्वाराला तो तेव्हाही व्यवहारात बंदच होता (एप्रिल २०२५ मध्ये तर अटारीचे ठाणेच बंद करण्यात आले). तेव्हा गाडी मुंबईहून लाकडी पेटीत घालून जहाजाने आखातात गेली, तिथून पश्चिम आशिया, मग युरोप. जुलैमध्ये त्याने लंडनहून फोटो पाठवला. अण्णांनी तो छापून फ्रेममध्ये घातला. ऑक्टोबरात गाडी जहाजाने परत आली, सुखरूप. चोरी नाही, अपघात नाही. मीही मान्य केले की माझी भीती फुकट होती.

नोव्हेंबरात वही संस्थेकडे परत गेली. तिथल्या माणसाने पाने उलटली आणि एका पानावर थांबला. वरच्या भागावर आत आल्याचा शिक्का होता; बाहेर गेल्याचा नव्हता. मधला तुकडा फाटलेला होता, म्हणजे कोणीतरी तो घेतला होता, पण शिक्का मारायचा राहिला होता.

कोणता देश आणि कोणता नाका, हे मी मुद्दाम लिहीत नाही. रात्री अकरा वाजता थकलेला कारकून कोणत्याही देशात सारखाच असतो. भाच्याने सांगितले की पावसाची झड होती, रांग लांब होती, त्या माणसाने तुकडा फाडला, हसून हात हलवला, आणि हा पुढे सुटला. वही उघडून पाहिलीच नाही. आता दुर्दैव पाहा. पुढच्या देशाने वहीवर आपला शिक्का मारला असता, तर तोच पुरावा झाला असता, कारण पुढच्या देशाचा शिक्का म्हणजे मागचा देश सोडल्याची खूण, हे करारातही मानले आहे. पण पुढचा देश वही न मागणाऱ्यांपैकी होता. तिथे गाडीची नोंद निराळ्या रीतीने होते. युरोपातही वहीचे काम पडले नाही. म्हणजे कागदावर भाच्याची फटफटी त्या नाक्याच्या अलीकडेच उभी होती, आणि प्रत्यक्षात ती अक्काच्या जिन्याखाली उभी होती.

याला उपाय आहे. गाडी स्वदेशात परत आली आहे, असा दाखला घ्यायचा. अधिकारी सांगाड्याचा नंबर स्वतः पडताळून सही-शिक्का करतो. तो दाखला व गाडी परत आल्याचे बंदरावरचे कागद आपली संस्था तिकडच्या संस्थेला पाठवते, ती तिथल्या जकातखात्याला दाखवते, आणि जकातखाते ‘ठीक’ म्हणाले की प्रकरण मिटते. भाच्याने दाखला मिळवला तो फेब्रुवारी २०२० मध्ये. कागद रवाना झाले. मार्चमध्ये काय झाले, ते वाचकांना माहीत आहे. इकडची कचेरी बंद, तिकडची बंद, टपाल बंद, विमाने बंद.

ऑक्टोबर २०२० मध्ये तिकडून नोटीस आली, वर्षाच्या मुदतीच्या आत. कागद पोचले होते की नव्हते, याचा तीत उल्लेखही नव्हता. पुन्हा कागद पाठवले गेले. जानेवारी २०२१ मध्ये हमीपत्राची दोन वर्षे संपली. प्रकरण उघडे असल्यामुळे सहा महिने वाढवावे लागले. कमिशन व कर मिळून आणखी सतरा हजार सातशे. संस्थेचा यात काही दोष नव्हता आणि बँकेचाही नव्हता. दोघेही नियमाने वागले. अण्णांनी डायरीतल्या त्याच पानावर तो आकडा मांडला आणि भाच्याला अवाक्षर बोलले नाहीत. ते बोलले असते तर त्याला बरे वाटले असते.

एप्रिल २०२१. अण्णा एक्काहत्तर वर्षांचे. तीन दिवस ताप, चौथ्या दिवशी धाप, आणि रात्री दोन वाजता खाट मिळाली. एकोणीस दिवस ते आत होते. विम्याची रक्कम तीन लाखांची होती, ती निम्म्या वाटेवरच संपली. बाकीचे पैसे रोजच्या रोज भरायचे होते. अक्काकडे पंधरा लाखांची ठेव होती, पावती कपाटात होती, तिच्यावर व्याजही चढत होते, आणि त्यातला एक रुपया काढता येत नव्हता. मी बँकेत फोन केला. तिकडचा मुलगा फार सौजन्याने बोलला. "काका, समजतं मला, पण हमीपत्र परत आल्याशिवाय बोजा उठत नाही."

ज्याला आपण अडीअडचणीचे पैसे म्हणतो, ते अडीअडचणीला हाताशी नसले की माणूस कसा दिसतो, ते मी अक्काच्या चेहऱ्यावर पाहिले. तोही फोनच्या पडद्यावर, कारण आम्हाला मुंबईहून पुण्याला जाता येत नव्हते. मी माझी एक ठेव मोडली. आमच्या हिने काही न विचारता स्वतःच्या खात्यातले पैसे पाठवले. सातव्या दिवशी भाच्याने मला फोन केला.

"मामा, गाडी विकतोय. पण विकू ना? ती अजून कागदावर तिकडेच आहे."

त्याच्या आवाजात तेव्हा जे होते, त्यावरून मला त्याला जवळ घ्यावेसे वाटले. गाडी विकली आणि पुन्हा कोणी पडताळणीला आले तर? संस्थेला विचारले. त्यांनी सांगितले, दाखला एकदा झालेला आहे, त्याची प्रत आमच्याकडे आहे, आमची काही हरकत नाही. दुसऱ्या दिवशी हडपसरचा एक तरुण येऊन ती घेऊन गेला. सव्वाचार लाख मिळाले. पंधरा लाख जिच्यापायी अडकले होते, तिला सव्वाचार लाख. जिन्याखालून ती बाहेर काढताना भाच्याने तिच्या टाकीवरचे देशांचे चिकटवलेले झेंडे तसेच राहू दिले. घेणाऱ्याची तशी अट होती म्हणे. झेंड्यांसकट हवी होती त्याला.

अण्णा घरी आले. काठी धरून, बारा किलो कमी होऊन, पण आले.

जूनच्या अखेरीस संस्थेचे पत्र आले की तिकडच्या जकातखात्याने पुरावा मान्य केला आहे. हमीपत्र परत आले, बँकेने बोजा उठवला, आणि अक्काने त्याच दिवशी त्या ठेवीच्या तीन ठेवी केल्या. तिसरी कशासाठी, हे तिने कोणाला सांगितलेले नाही.

वहीविषयी मला पत्रे येतील, हे मी जाणतो, म्हणून दोन शब्द व्यवहाराचे. ज्यांची मुले असा बेत करीत असतील, त्यांनी बँकेला प्रथम हे विचारावे की हमी किती काळाची आणि वाढवावी लागली तर दर काय. तारण ठेवायची ठेव घरातली एकुलती एक नसावी. वही कोणकोणत्या देशांत लागणार आणि कोणत्या देशांत लागणार नाही, याची यादी निघण्यापूर्वी करावी, आणि ज्या नाक्यापलीकडचा देश वही मागत नाही, त्या नाक्यावर डोळ्यांत तेल घालावे. पाऊस असो, रात्र असो, मागचे लोक हॉर्न वाजवोत. वरच्या भागावर दुसरा शिक्का पाहिल्याशिवाय गाडीला किक मारू नये, आणि शिक्क्याचे छायाचित्र तिथेच घ्यावे. (हल्लीच्या गाड्यांना किक नसते, हे भाच्याने हस्तलिखित वाचताना समासात लिहिले आहे.) आणि मुलगा मध्येच कोणा देशात गाडी ठेवून लग्नाकार्यासाठी विमानाने घरी येतो म्हणाला, तर लग्न चुकवावे. गाडी आत आणि मालक बाहेर, ही स्थिती जकातवाल्याला मुळीच आवडत नाही.

गेल्या भाऊबीजेला पुन्हा सगळे जमलो. अण्णा आता काठीशिवाय चालतात. भाच्याने मधल्या काळात देशी बनावटीची एक जुनी मोटारसायकल घेतली आहे, तिचे हप्तेही फिटले. पाने वाढली, पहिला भात झाला, आणि तो घसा खाकरून म्हणाला, "आई, मी विचार करत होतो की येत्या हिवाळ्यात…"

"वही लागते का तिथे?" अक्काने वाढता वाढता विचारले.

"नाही. नेपाळला आपल्या गाडीला वही लागत नाही. सरहद्दीवर भंसारची चिठ्ठी करायची, दिवसाप्रमाणे पैसे भरायचे."

"किती दिवसांचे भरणार?"

"पंधरा."

"मग सोळाव्या दिवशी काय?"

भाचा अण्णांकडे बघू लागला. अण्णा चष्मा आणायला उठले होते.